एका टिंबाचे पाणी

मराठी शिकवणाऱ्या माणसाने फोर्ट्रानवर लिहावे, हा वाचकांना जरा आगाऊपणा वाटेल. एरवी या सदरात मी म्हणी, वाक्प्रचार आणि विस्मरणात गेलेले शब्द यांच्या गोष्टी सांगत असतो. तेव्हा ऐन दिवाळीत मास्तरांना हे यंत्राचे वेड कुठून लागले, असे कुणी विचारले तर माझी तक्रार नाही. पण फोर्ट्रान हीसुद्धा शेवटी एक भाषाच आहे. तिला व्याकरण आहे, विरामचिन्हे आहेत, शुद्धलेखन आहे आणि मुख्य म्हणजे तिच्यात चुका करता येतात. चुकांचा विषय निघाला की माझा अधिकार सुरू होतो. गेली वीस वर्षे दुसऱ्यांच्या चुकांखाली तांबड्या रेघा ओढूनच मी पोट भरतो आहे.

गेल्या एप्रिलातली गोष्ट. मी राहतो पेणला आणि धाकटी बहीण दिली आहे रोह्याला. शनिवार-रविवारची सवड काढून मी गाडीत बसलो. एका हातात बहिणीने मुद्दाम मागवलेले पोह्याचे पापड आणि दुसऱ्या हातात प्रथम वर्षाच्या चाचणीच्या उत्तरपत्रिकांचा गठ्ठा. कासू गेले, नागोठणे गेले, रोहा आले. घरात पाऊल टाकले तर बहिणीने पापडांकडे पाहिलेसुद्धा नाही.

"दादा, आधी हिच्याकडे बघ. कालपासून धड जेवली नाही."

ही म्हणजे माझी भाची. पदार्थविज्ञान घेऊन एम.एस्सी. करते. समोर लॅपटॉप, शेजारी निवून गेलेला चहा आणि डोळे लाल. सोमवारी तिला प्रकल्प द्यायचा होता. विषय आमच्या सर्वांच्या जिव्हाळ्याचा: कुंडलिका नदी. महिन्याच्या पावसावरून नदीत किती पाणी येईल, याचा अंदाज करणारा एक छोटा सरावाचा प्रोग्रॅम. तो फोर्ट्रानमध्ये लिहिलेला, आणि त्यातला बराचसा भाग जुन्या विद्यार्थ्यांकडून वारशाने चालत आलेला.

"मामा, त्रेचाळीस चुका!" ती म्हणाली. "कॉलेजच्या मशीनवर हाच प्रोग्रॅम मुकाट्यानं चालतो. उत्तरं येतात, तक्ते छापून झालेत. घरी आणला तर त्रेचाळीस चुका दाखवतोय. सर म्हणाले, तुझ्या घरचा कंपायलरच नाठाळ असेल."

मला फोर्ट्रान येत नव्हते. आताही येते असे नाही. पण 'एका परीक्षकाने पास केले आणि दुसऱ्याने नापास' ही तक्रार माझ्या फार ओळखीची होती. मी खुर्ची ओढून तिच्याशेजारी बसलो आणि म्हटले, "आधी मला सांग, हा कंपायलर करतो काय?"

तिने सांगितले ते असे. यंत्राला फक्त शून्य आणि एक यांची भाषा कळते. माणसाला त्या भाषेत लिहिणे म्हणजे शिक्षा. म्हणून माणूस आपल्याला झेपेल अशा भाषेत सूत्रे लिहितो आणि कंपायलर नावाचा दुभाषा त्यांचे यंत्राच्या भाषेत भाषांतर करतो. फोर्ट्रान हे नावच मुळी 'सूत्रांचे भाषांतर' या अर्थाच्या इंग्रजी शब्दांचे लघुरूप आहे. मात्र हा दुभाषा भाषांतराआधी मजकूर तपासतो. वाक्य व्याकरणात बसले नाही तर ते परत करतो. म्हणजे दुभाषा आणि परीक्षक, दोन्ही कामे एकाच्याच गळ्यात.

आणि परीक्षक म्हटला की त्याचा स्वभाव आला. आमच्या धंद्यातले तीन नमुने मी तिला सांगितले. पहिला पानभर उत्तराला नुसती फुली मारतो. का मारली ते विद्यार्थ्याने आयुष्यभर शोधावे. दुसरा इतका दयाळू की 'याला असे म्हणायचे असेल' असे स्वतःच ठरवून गुण देतो. तिसरा प्रत्येक चुकीखाली रेघ ओढून समासात कारण लिहितो. विद्यार्थी त्याला खाष्ट म्हणतात आणि दहा वर्षांनी त्याचीच आठवण काढतात. भाची पहिल्यांदाच हसली. म्हणाली, "कंपायलरही अगदी असेच असतात."

पुढे महिनाभर मी या विषयाचा नाद घेतला, तेव्हा तिचे म्हणणे किती खरे आहे ते कळले. फोर्ट्रानचा पहिला कंपायलर आय.बी.एम. कंपनीतील जॉन बॅकस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ७०४ या यंत्रासाठी तयार केला. साल १९५७. त्या वर्षीच्या एप्रिलात अमेरिकेतील वेस्टिंगहाउसच्या बेटिस प्रयोगशाळेत कार्डांची एक पेटी आली. सोबत ना चिठ्ठी ना माहितीपुस्तक. हाच तो नवा कंपायलर असावा असा तर्क करून तिथल्या मंडळींनी कार्डे यंत्रात घातली आणि आपला एक प्रोग्रॅम त्याच्यापुढे टाकला. यंत्राने विचार केला आणि पहिले उद्गार छापले ते चुकीचे: अमुक वाक्यात उजव्या कंसानंतर स्वल्पविराम नाही! बारशालाच मुलाने आत्याचे व्याकरण काढावे, तसा हा प्रकार. स्वल्पविराम घातला आणि प्रोग्रॅम चालला. त्या कंपायलरने चूक आहे एवढेच न सांगता कुठे आणि कोणती तेही सांगितले, हे त्याचे मोठेपण. पुढे लहान यंत्रांवर असे कंपायलर आले की जे चुकीचा नुसता क्रमांक छापीत. मग तो क्रमांक पुस्तकात शोधत बसायचे.

आपल्याकडेही ते दिवस येऊन गेले. १९६३ साली कानपूरच्या आय.आय.टी.त आय.बी.एम. १६२० आले. १९६४ साली मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत सी.डी.सी. ३६०० हे मोठे यंत्र आले आणि ठिकठिकाणचे संशोधक आपली गणिते त्यावर करून घेऊ लागले. त्या काळी प्रोग्रॅम म्हणजे भोके पाडलेल्या कार्डांचा गठ्ठा. तो खिडकीत द्यायचा आणि निकालाची वाट पाहायची. पुष्कळदा दुसऱ्या दिवशी गठ्ठा परत मिळे आणि बरोबरच्या कागदावर एकच ओळ: स्वल्पविराम नाही. एका स्वल्पविरामाला एक दिवस! अशा वेळी कंपायलर पहिल्या चुकीला थांबतो की सगळ्या चुका एकदम सांगतो, याला किती महत्त्व असेल ते पाहा. कॅनडातील वॉटर्लू विद्यापीठात १९६५ साली 'वॉटफोर' नावाचा कंपायलर तयार झाला, तो या गरजेतूनच; आणि तो लिहिणारे होते विद्यार्थी. वेगाने तपासावे, चुका नीट समजावून सांगाव्यात, एवढेच नव्हे तर किंमत न देताच एखादे नाव गणितात वापरले असेल तर तेही चालता चालता पकडावे, अशी त्याची रीत होती. आय.बी.एम.चे मोठे कंपायलर प्रोग्रॅम वेगाने धावावा म्हणून झटत; वॉटफोर मुलाला शिकता यावे म्हणून झटे. दोघेही हुशार, पण एक घोडा पळवणारा आणि दुसरा घोड्यावर बसायला शिकवणारा.

असो. आपण रोह्याला भाचीपाशी होतो. मी तिला म्हटले, "त्रेचाळीस चुका वाचू नकोस. पहिली एकच वाच." हे मला उत्तरपत्रिकांनी शिकवले आहे. विद्यार्थ्याने प्रश्नाचा क्रमांक चुकवला की पुढचे सगळे उत्तर चुकीचे दिसते. क्रमांक दुरुस्त केला की तेच उत्तर बरोबर. पहिली तक्रार एका शेऱ्याच्या ओळीबद्दल होती. ती ओळ इंग्रजी 'सी' या अक्षराने सुरू होत होती आणि यंत्र म्हणत होते, हे वाक्य मला समजत नाही.

"पण जुन्या फोर्ट्रानमध्ये पहिल्या घरात 'सी' असला की ती ओळ शेरा समजतात," भाची म्हणाली आणि एकदम थांबली. "अगंबाई! मी फाइलचं नाव बदललं होतं."

झाले होते ते असे. जुन्या फोर्ट्रानची ओळ कार्डाच्या मापाने बेतलेली असे. कार्डावर ८० घरे. पहिली पाच ओळक्रमांकाची, सहावे मागील ओळ पुढे चालू असल्याच्या खुणेचे, सातपासून बहात्तरपर्यंत मजकूर. १९९० च्या फोर्ट्रानने ही चौकट मोडली आणि मोकळे लिहायची परवानगी दिली. तिच्या घरच्या कंपायलरचे नाव 'जीफोर्ट्रान'. तो फुकट मिळतो आणि जगभर वापरला जातो. फाइलच्या नावाच्या शेपटावरून तो ठरवतो की मजकूर जुन्या चौकटीतला आहे की नव्या मोकळ्या रीतीचा. नवे ते चांगले म्हणून भाचीने शेपूट 'एफ नव्वद' केले होते. आतला मजकूर मात्र जुन्या चौकटीतला. ओव्या आहेत असे सांगून अभंग तपासायला द्यावेत आणि परीक्षकाने प्रत्येक ओळीला यतिभंग म्हणावे, त्यातलीच ही गत. शेपूट पूर्ववत केले. त्रेचाळीस चुकांपैकी बेचाळीस गेल्या.

एक उरली.

ती एक चूक कॉलेजच्या यंत्रानेही दाखवली होती, पण 'चूक' म्हणून नव्हे, 'ताकीद' म्हणून. हा फरक समजून घ्यावा. चूक म्हटली की कंपायलर पुढे जात नाही. ताकीद म्हणजे 'मला हे बरे दिसत नाही, पण तुमची मर्जी'. कॉलेजच्या यंत्रावर होता जीफोर्ट्रानच, पण फार जुना. २०२० साली त्याची दहावी आवृत्ती निघाली आणि तिने या एका बाबतीत आपला स्वभाव बदलला. एका उपप्रोग्रॅमला दशांश संख्या हवी असेल आणि तुम्ही त्याच्या हातात पूर्णांक ठेवलात, तर पूर्वी नुसती ताकीद मिळे. आता ती चूक ठरू लागली. वर्षानुवर्षे सुखाने चालणारे किती तरी जुने प्रोग्रॅम त्या वर्षी एकाएकी अडले. लोक म्हणाले, कंपायलर बिघडला. बिघडला नव्हता, तो नुसता बोलायला लागला होता.

"मैत्रिणीनं यावर उपाय पाठवलाय," भाची म्हणाली. "एक कळ आहे. ती दिली की ही चूक पुन्हा ताकीद होते आणि प्रोग्रॅम चालतो. देऊ का? सोमवारी द्यायचंय हो मामा. तक्ते छापून झालेत. सरांनी सही केलीय."

खरे सांगतो, माझ्याही तोंडावर 'दे' असेच आले होते. पोरगी कालपासून जेवलेली नव्हती, आणि परीक्षकाला गप्प करण्याची कळ कुणाला नको असते? पण का कोण जाणे, मी तो छापलेला तक्ता हातात घेतला. बारा महिन्यांच्या बारा ओळी. पाऊस इतका, नदीचे पाणी इतके. जून, जुलै, ऑगस्ट भरलेले. मे महिन्यासमोर पाऊस शून्य आणि नदीचे पाणीही शून्य.

एवढ्यात बहीण कोकमाचे सरबत घेऊन आली. तिने माझ्या खांद्यावरून तक्त्यात पाहिले आणि म्हणाली, "मे महिन्यात कुंडलिका कोरडी? कुणी लिहिलं हे? मेमध्ये तर तिला भिऱ्याचं पाणी असतं!"

रोह्याच्या पोरासोरांना हे ठाऊक आहे. मुळशीचे धरणाचे पाणी सह्याद्रीच्या कड्यावरून टाटांच्या भिरा वीजघरात उतरते, आणि वीज करून झाली की कुंडलिकेत सोडले जाते. हे वीजघर १९२७ पासून चालू आहे. त्या धरणाविरुद्ध सेनापती बापटांनी केलेला मुळशी सत्याग्रह आपण इतिहासात वाचतो. म्हणून कोकणातल्या इतर नद्या वैशाखात वाळूचे पट्टे होऊन पडतात, पण कुंडलिका वाहत असते. पाऊस नाही म्हणून नदी नाही, हे गणित इतरत्र खपेल. रोह्यात खपायचे नाही.

"पण मी ते पाणी धरलंय," भाची म्हणाली. "प्रत्येक महिन्याला बारा मिळवलेत. सरांनी सरावासाठी तोच आकडा धरायला सांगितला होता. हे बघा."

पाहिले. बारा होते. आणि उरलेल्या एकमेव चुकीचे बोट नेमके त्या बारावरच होते. त्या जागी यंत्राला १२.० हवे होते आणि तिने लिहिले होते १२. एक टिंब नव्हते.

तुम्ही म्हणाल, बारा काय आणि बारा पूर्णांक शून्य दशांश काय, किंमत एकच. माणसाला एकच, यंत्राला नव्हे. पूर्णांक साठवण्याची यंत्राची लिपी वेगळी आणि दशांश संख्या साठवण्याची वेगळी. भाचीने बारा पूर्णांकाच्या लिपीत लिहून पाठवले आणि उपप्रोग्रॅमने ते दशांशाच्या लिपीत वाचले. मोडीतला कागद देवनागरी समजून वाचावा तसे झाले. त्या लिपीत त्या खुणांचा अर्थ निघाला तो इतका सूक्ष्म अपूर्णांक की टिंबानंतर चाळीसाहून अधिक शून्ये दिल्यावर कुठे पहिला आकडा यावा. ते मिळवले काय आणि न मिळवले काय! भिऱ्याचे सारे पाणी त्या एका टिंबात आटले होते. आणि उत्तर दिसायला इतके साळसूद की सही करणाऱ्यालाही संशय येऊ नये.

इथे मला या विषयाचे मर्म कळले. आरडाओरडा करणारी चूक धोक्याची नसते. यंत्र अडले, पडदा लाल झाला की आपण शोधतोच. भीती असते ती शहाण्यासारख्या दिसणाऱ्या चुकीची. आमच्या पेणच्या गणपतीच्या कारखान्यात कारागीर हेच सांगतील. कच्च्या मूर्तीला तडा दिसला तर माती लावून बुजवता येतो. तोच तडा न दिसता रंगाखाली गेला तर मूर्ती कारखान्यात सुंदरच दिसते. तडकते ती गिऱ्हाइकाच्या घरी, पाटावर. कंपायलर म्हणजे मूर्ती कच्ची असताना तिच्यावरून फिरणारा हात. तो हात खरखरीत असला म्हणून रागवायचे नसते.

टिंबाच्या गोष्टी फोर्ट्रानच्या जगात पुष्कळ आहेत. जुन्या फोर्ट्रानमध्ये शब्दांमधील मोकळ्या जागेला काही अर्थ नव्हता. आपल्या मोडीत जसे शब्द न तोडता सलग लिहीत, तसेच ते. 'डू १० आय = १,१०' असे लिहिले तर अर्थ होई, पुढचे काम एकपासून दहापर्यंत दहा वेळा कर. स्वल्पविरामाऐवजी टिंब पडून 'डू १० आय = १.१०' झाले, की कंपायलर सगळी अक्षरे सलग वाची आणि म्हणे, 'डू१०आय' नावाची एक नवी संख्या, किंमत एक पूर्णांक एक दशांश. चूक नाही, ताकीद नाही. काम एकदाच होई. अमेरिकेच्या मर्क्युरी या अंतराळयोजनेतील कक्षा मोजण्याच्या एका प्रोग्रॅममध्ये नेमके असे टिंब सापडले होते. सुदैवाने त्यापायी अपघात झाला नव्हता. पुढे लोकांनी ते टिंब उचलून दुसऱ्याच घटनेला चिकटवले. २२ जुलै १९६२ रोजी शुक्राकडे निघालेले मरिनर-१ उड्डाणानंतर थोड्याच वेळात नष्ट करावे लागले, त्याचे खापर या टिंबावर फोडले जाते. खरी चूक निराळी होती: मार्गदर्शनाचे सूत्र उतरवून घेताना एका अक्षरावरची आडवी रेघ राहिली होती. टिंब काय नि रेघ काय! ३० ऑगस्ट १७७३ रोजी शनिवारवाड्यात नारायणराव पेशव्यांचा खून झाला, तो 'ध'चा 'मा' केल्यामुळे, ही आख्यायिका ज्या भाषेत आहे तिला एका अक्षराची किंमत सांगायला नको.

मग भाचीने एक काम केले, जे मला फार आवडले. टिंब दिल्यावर प्रोग्रॅम सरळ चालला होता. तिला थांबता आले असते. पण ती म्हणाली, "मामा, एक चूक लपली होती, म्हणजे आणखी असेल." आणि तिने प्रोग्रॅमच्या डोक्यावर एक ओळ लिहिली. त्या ओळीचा अर्थ असा: मी आधी जाहीर केल्याशिवाय कोणतेही नाव मान्य करू नकोस. फोर्ट्रानचा मूळ नियम फार उदार आहे. न कळवता एखादे नवे नाव आले तर तो त्याला हाकलत नाही. आय ते एन या अक्षरांनी सुरू होत असेल तर पूर्णांक, नाही तर दशांश, असे ठरवून पंक्तीला बसवतो. म्हणजे नाव लिहिताना हात चुकला तरी यंत्र म्हणते, आले असतील नवे पाहुणे. भाचीने उदारपणा बंद करताच पडद्यावर पुन्हा चुकांची यादी आली. बहुतेक नावे निरुपद्रवी होती, नुसती जाहीर करायची राहिलेली. एक मात्र अनोळखी होते. वर्षाचा एकूण पाऊस ज्या नावात जमा होत होता ते होते 'पाउस'. सप्टेंबरच्या ओळीत एकच रोमन अक्षर बदलून झाले होते 'पावस'. सप्टेंबरचा सगळा पाऊस पावसच्या खात्यात जमा होऊन पडला होता आणि वर्षाची बेरीज तेवढी कमी आली होती.

मी म्हटले, "मराठीचा पेपर असता तर मी तुझा अर्धा गुण कापला असता. फोर्ट्रानने अख्खा सप्टेंबर कापला."

वाचक विचारतील, भाषा एक, नियम एक, मग कंपायलर वेगवेगळे का वागतात? याचे उत्तर मला आमच्याच घरात सापडले. १९६२ साली मराठी साहित्य महामंडळाने शुद्धलेखनाचे नियम केले. न उच्चारल्या जाणाऱ्या अनुस्वारांना निरोप मिळाला. नियम सर्वांना एक. तरीही दोन मुद्रितशोधकांकडे एकच लेख द्या, खुणा वेगवेगळ्या येतील. फोर्ट्रानचेही प्रमाण नियम आहेत: पहिले १९६६ चे, नंतर ७७, ९० असे करीत २०२३ पर्यंत. पण बरोबर प्रोग्रॅमचा अर्थ काय, हे ते नियम तपशिलाने सांगतात. चुकीच्या प्रोग्रॅमचे काय करायचे, हे पुष्कळ ठिकाणी कंपायलरवर सोडतात. काही चुका पकडणे त्याचे कर्तव्य. काही पकडल्या तर त्याचा चांगुलपणा. किंमत न दिलेले नाव वापरले, तर एक यंत्र तिथे शून्य सापडले म्हणून शून्य धरील, दुसरे मागल्या भाडेकरूचा उरलेला कचरा उचलील आणि तिसरे तुम्हाला हटकील. नियमाच्या दृष्टीने तिघेही निर्दोष, दोष लिहिणाऱ्याचा. ऑक्सफर्डच्या एन.ए.जी. संस्थेचा कंपायलर काटेकोर म्हणून ओळखला जातो, इंटेलचा वेगासाठी. आमचा जीफोर्ट्रान सांगितले तर खाष्ट, न सांगितले तर बराचसा भिडस्त. म्हणून जाणती मंडळी एकच प्रोग्रॅम दोन-तीन कंपायलरांकडून तपासून घेतात. एकाच्या नजरेतून सुटते ते दुसऱ्याला दिसते. विद्यापीठात परीक्षकावर मॉडरेटर असतो, तो काही परीक्षकावर अविश्वास म्हणून नव्हे.

आणि तरीही शेवटची तपासणी यंत्राची नाहीच. भाचीने १२.० ऐवजी २१.० लिहिले असते तर जगातल्या एकाही कंपायलरने भुवई उंचावली नसती. वाक्य व्याकरणशुद्ध असून खोटे असू शकते, हे भाषेच्या शिक्षकाला काय सांगायचे? मे महिन्यातली कोरडी कुंडलिका पकडली ती माझ्या बहिणीने. तिला फोर्ट्रान येत नाही; तिला नदी येते.

हे सगळे एका विद्यार्थिनीच्या गुणांपुरते असते तर मी इतके लिहिले नसते. पण फोर्ट्रान म्हातारे झाले तरी निवृत्त झालेले नाही. हवामानाचे अंदाज करणारे मोठमोठे प्रोग्रॅम आजही बहुतांशी याच भाषेत आहेत. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेत २०२४ साली 'अर्क' नावाचा महासंगणक आला, आणि २०२५ च्या मे महिन्यात सहा किलोमीटरच्या चौकटीने देशाचा अंदाज सांगणारी 'भारत' प्रणाली सुरू झाली. तसल्या प्रोग्रॅमवर अनेक जाणत्यांचे डोळे असतात, हे खरे. पण आम्हा रायगडकरांच्या दृष्टीने तो अंदाज म्हणजे शास्त्राची मौज नव्हे. १९८९ च्या जुलैत अंबा नदीने जांभूळपाड्याची आणि नागोठण्याची काय दशा केली ते पाहिलेली माणसे अजून आहेत. पावसाळ्यात रात्री कुंडलिका कुठवर चढली हे पाहायला रोहेकर उठतात. त्या रात्री पुण्याचा आकडा खरा निघावा असे ज्याला वाटते, त्याने कुरकुरणाऱ्या कंपायलरला मनोमन दुवा द्यावा.

रविवारी भाची रात्री उशिरापर्यंत बसली. सगळे तक्ते नव्याने काढले. मे महिन्यासमोर बारा आले आणि सप्टेंबर परत घरी आला. सरांना तिने चूक कशी झाली आणि कशी सापडली याचे एक पान लिहून दिले. ते पान जोडू नकोस, गुण जातील, असे मैत्रीण म्हणत होती, तिने जोडले. गुण किती मिळाले ते मी मुद्दामच सांगत नाही. रात्री जेवली मात्र पोटभर, आणि पेणचे पापड सगळे संपवले.

परतीच्या गाडीत मी उत्तरपत्रिकांचा गठ्ठा सोडला. पहिल्याच पेपरात एका मुलाने 'पाणी'च्या जागी 'पाणि' लिहिले होते. पाणि म्हणजे हात. सवयीने मी फुली मारून पुढे निघालो होतो. नागोठणे येईपर्यंत मन खात राहिले. मग पान उलटून मागे आलो, त्या शब्दाखाली रेघ ओढली आणि समासात लिहिले: 'येथे दीर्घ ई हवी. तू लिहिलेल्याचा अर्थ हात होतो, आणि तुला तहान लागली आहे.'

त्या गठ्ठ्याला नेहमीच्या दुप्पट वेळ लागला.